वरची आणि खालची

खड्ड्याभोवती चार विहिरी होत्या, पण त्यांतल्या एकीतही कुणाला जीव देता आला नसता. मनगटाएवढ्या रुंदीचा नळ जमिनीतून गुडघाभर वर आलेला, त्याला लोखंडी टोपण, टोपणाला कुलूप. कागदोपत्री त्यांना निरीक्षण विहिरी म्हणत आणि प्रत्येकीला एक आकडा दिलेला होता, पण आकडे कुणाच्या तोंडी बसले नाहीत. दोन बाजूच्या होत्या, त्यांना कुणी विचारत नसे. टेकडीकडची ती वरची आणि रस्त्याकडची ती खालची. ही नावं नमुनेवाल्याने ठेवली, चौदा वर्षांपूर्वी, कामावर लागला त्याच आठवड्यात. मग ती इतकी रुळली की साहेबांच्या अहवालातसुद्धा तीच छापून येऊ लागली.

नमुनेवाल्याचं काम दर तीन महिन्यांनी विहिरींतलं पाणी काढून प्रयोगशाळेला पाठवायचं. त्याच्या माघारी, आणि बहुतेक वेळा तोंडावरही, सगळे त्याला बाटल्या म्हणत. बिचाऱ्याने आयुष्यात कधी घोटभर घेतली नव्हती. नमुन्याच्या बाटल्यांची पेटी उजव्या खांद्यावर वाहून वाहून तो खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता, त्यामुळे तो सरळ उभा राहिला तरी कशाला तरी टेकल्यासारखा दिसे.

खड्डा हा शब्दही तसाच. फाटकावरच्या पाटीवर जे नाव होतं ते एका दमात वाचून होत नसे. आजूबाजूच्या कारखान्यांतला विषारी गाळ, भट्ट्यांची राख, यंत्रांचे भाग धुऊन उरलेलं द्रावण, हे सगळं इथे येई. चुना-सिमेंटात कालवून घट्ट केलं जाई आणि जाड प्लास्टिकच्या चादरीवर थराथराने पुरलं जाई. पातळ काही पुरायचं नाही, कप्प्याचा तळ जमिनीतल्या पाण्यापासून ठरलेल्या अंतरावर हवा, चादरी दोन हव्यात आणि त्यांच्या मध्ये गळती पकडणारा नळ हवा, ही सगळी शिस्त भूजल वाचवण्याच्या नियमांनी लावली होती. दुसरा आणि तिसरा कप्पा त्या शिस्तीत वाढले होते. पहिला कप्पा मात्र नियमांच्या आधीचा. त्याला चादर एकच, आणि पिंप जसे आले तसे आत ढकललेले. त्याच्याबद्दल खड्ड्यावर कुणी बोलत नसे. काही घरांत एखाद्या थोरल्या काकांचा विषय काढत नाहीत, तसं.

पहिल्या कप्प्यावर नजर ठेवायलाच तर विहिरी होत्या. नियम शाळकरी पोरालाही समजेल असा होता. वरचीतलं पाणी खड्ड्याखाली शिरण्याआधीचं, खालचीतलं पाणी खड्ड्याखालून गेल्यानंतरचं. खालचीत वरचीपेक्षा काही जास्त सापडलं तर खड्डा गळतोय. नाही सापडलं तर सगळे आपापल्या घरी सुखी.

खालची चौदा वर्षं कोरी होती. वरचीत मात्र सहा वर्षांपूर्वी द्रावणाचा अंश सापडला. मर्यादा लिटरमागे पाच मायक्रोग्रॅमची, आणि वरची एकवर होती. पुढे दीड झाली, दोन झाली, गेल्या खेपेला चार. तरी मर्यादेच्या आतच. त्यावर नमुनेवाल्याने एक वाक्य बेतलं होतं, आणि साहेबांना ते इतकं आवडलं की सहा वर्षं स्वल्पविरामासकट तेच जात होतं: 'सदर अंश वरच्या विहिरीतच आढळत असल्याने, तो स्थळाबाहेरून येत असावा.' बाहेरून म्हणजे कुणाकडून, हे विचारायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. नमुनेवाल्याला स्वतःला वाटे, टेकडीवर कुणीतरी गाड्या धुण्याचा धंदा काढला असेल.

चौथ्या कप्प्याची परवानगी मागितली तेव्हा नवा फॉर्म आला, आणि त्यात एक रकाना जास्त होता. विहिरीच्या तोंडाची उंची यंत्राने मोजा, त्यातून पाण्याची खोली वजा करा, आणि पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते बाण काढून दाखवा.

त्यासाठी मोजणीवाली आली. कॉलेज संपून फार वर्षं झाली नसावीत. तिपाई, यंत्र, आणि डोक्यावर एवढी मोठी टोपी की खाली माणूस आहे की नाही अशी शंका यावी.

"काका, खोली कुठून मोजता तुम्ही?"

"नळाच्या तोंडापासून पाण्यापर्यंत. अजून कुठून मोजणार?"

"बरोबर. आणि तोंड किती उंचीवर आहे?"

"ते ऑफिसच्या कपाटात आहे."

"तोंड कपाटात आहे?"

"तोंडाची उंची हो. नकाशात लिहिलेली. नकाशा कपाटात."

"आणि खोली?"

"माझ्या वहीत."

"म्हणजे चौदा वर्षं एक आकडा तुमच्याकडे, दुसरा कपाटात, आणि दोघांची कधी ओळखच करून दिली नाही कुणी?" ती हसली. नमुनेवालाही हसला. मोजणीवाली माणसं जरा आगाऊ असतातच.

दुपारपर्यंत चारही तोंडं मोजून झाली. तिने पाटीवर कागद लावून वजाबाकी केली, खोडली, पुन्हा केली, आणि मग त्याची वही मागून घेतली. वरचीचं तोंड एकसष्ट मीटरवर, पाणी चौतीस मीटर खाली. उरले सत्तावीस. खालचीचं तोंड चव्वेचाळीसवर, पाणी चौदा मीटर खाली. उरले तीस.

"काका," ती म्हणाली, "तुमची वरची खालची आहे."

"म्हणजे?"

"पाणी खालचीत तीन मीटर उंच उभं आहे. म्हणजे ते तिकडून इकडे येतंय." तिने पेन्सिल रस्त्याकडून टेकडीकडे फिरवली. पेन्सिल पहिल्या कप्प्यावरून गेली.

"उताराच्या उलट?"

"हा उतार तुम्हाला दिसतो, पाण्याला नाही दिसत. त्याचा उतार त्याच्या तिथे, खाली." तिने वहीची पानं मागे उलटली. "सुरुवातीला बरोबर होतं बघा. वरचीत बावीस मीटरवर पाणी लागायचं. मग दर वर्षी खाली, खाली, खाली. टेकडीवर बोअर किती आहेत?"

"पंचवीसेक."

"आणि रस्त्याकडच्या वस्तीत?"

"एकही नाही. नियम आला तेव्हा बंद केल्या. खड्ड्याच्या खालच्या अंगाला बोअर चालत नाही. त्यांना धरणाचं पाणी दिलं नळाने."

"झालं तर मग. खालच्यांनी ओढायचं थांबवलं, वरच्यांनी ओढायला सुरुवात केली. पाणी वळलं." एखाद्या बसचा मार्ग बदलल्याचं सांगावं तसं तिने सांगितलं.

"पण वरचीत चारच आहे. मर्यादेच्या आत."

"आत आहे म्हणजे अजून पूर्ण पोचलेलं नाही," ती तिपाई मिटत म्हणाली. "येतंय."

रस्त्याकडच्या बोअर बंद केल्या तेव्हा नमुनेवाला हजर होता. एकेकीत काँक्रीट ओतलं जात असताना तो वहीत खूण करत होता, आणि त्या वस्तीची त्याला कीव आली होती. बारा वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीला घरासाठी दोन जागा दाखवल्या गेल्या, एक रस्त्याकडे आणि एक टेकडीवर. तिने त्याला विचारलं, आणि त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं, "ताई, वरच्या अंगाला घे. पाणी काय, उताराकडेच जाणार." वरचीपासून तिचं घर दोनशे पावलांवर होतं. त्याने मोजलेली होती ती पावलं.

त्याने वरचीवर टोपण बसवलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. आपल्याला काहीतरी व्हायला पाहिजे असं त्याला वाटलं. छातीत धडधड, घाम, काहीतरी. तो थांबून राहिला. काही झालं नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला वाटत नाही, तसा तो त्या दुपारी स्वतःचा वाटत नव्हता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत टेबलावर वजाबाकीचा कागद होता, आणि त्यावर साहेबांची पाण्याची बाटली. साहेब पहिल्या दिवसापासून सीलबंद पाणीच पीत. पूर्वी सगळे त्यांना त्यावरून हसायचे.

"म्हणजे इतकी वर्षं आपलं," साहेबांनी तळहात उताणा-पालथा केला, "असं?"

"असं."

"पण आकडे सगळे खरे?"

"आकडे खरे."

"नावं फक्त चुकली."

"नावं चुकली."

"मग अहो नमुनेवाले, नावं बदलू! वरचीला खालची म्हणा, खालचीला वरची." साहेब इतके मोकळे झाले की त्यांनी खुर्ची मागे लोटली.

"म्हणता येईल. मग तक्ता असा होतो. नवी वरची शून्य, नवी खालची चार. वाढ दिसली की खड्डा दोषी."

खुर्ची पुन्हा पुढे आली. साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. ते त्यांना पाठ होतं, तरी उघडलं.

"अशा वेळी फेरनमुना घ्यायचा असतो. पंधरा दिवसांत. तो येईपर्यंत काही सिद्ध नाही. आणि सिद्ध नसलेलं बाहेर बोलायचं नाही. लोक उगाच घाबरतात." मग पुस्तकातच बघत म्हणाले, "तुमचंही आता वय झालं. हात थरथरत असेल. बाटलीत एखादा बुडबुडा राहून गेला, तर तुम्हाला कोण काय म्हणणार?"

बुडबुड्याची गोष्ट खड्ड्यावर दोघांनाच ठाऊक होती, आणि ते दोघेही खोलीत होते. हे द्रावण उडून जाणारं. बाटली काठोकाठ भरून टोपण लावायचं, उलटी करून बोटाने टिचकी मारायची, आत मोहरीएवढाही बुडबुडा दिसता कामा नये. राहिला, तर द्रावण पाण्यातून निघून त्यात जाऊन बसतं आणि प्रयोगशाळेत आकडा कमी येतो. चौदा वर्षांत नमुनेवाल्याची एकही बाटली परत आली नव्हती.

"चौथा कप्पा अडला तर साठ माणसं घरी बसतील," साहेब म्हणाले. "मी धमकी देत नाही. मोजून सांगतोय." मग त्यांना काहीतरी आठवलं. "तुमच्या बहिणीचं घर तिकडेच ना कुठेतरी?"

"वर."

"हां, वर. म्हणजे..." साहेब थांबले.

"खाली," नमुनेवाल्याने वाक्य पुरं केलं. दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

सुट्टीच्या दिवशी तो नेहमीसारखा ताईकडे गेला. जायचं नाही असं काही त्याच्या मनात आलं नव्हतं. जायचं असंही नव्हतं. पाय गेले.

"काय रे धाकट्या, तोंड का असं? बायकोने जेवायला नाही घातलं?"

"घातलं."

"मग कोण मेलं?"

"अजून कुणी नाही."

"अजून म्हणे! बोलायची एक रीत बघा मेल्याची." ताईने भांडं भरून पाणी त्याच्यासमोर ठेवलं. "पी. असं पाणी तुमच्या नळाला सात जन्मांत यायचं नाही. गोड आहे, गोड."

गोड पाणी हा ताईचा अभिमान होता. भावजी गेल्यावर तिने एकटीने घर उभं केलं, बोअर पाडली, आणि पाणी लागलं त्या दिवशी सगळ्या वस्तीला पाजलं. तिला कुणी घराबद्दल चांगलं म्हटलं तर ती मान हलवी. पाण्याबद्दल चांगलं म्हटलं तर बसायला खुर्ची देई. आणि प्रत्येकाला न विसरता सांगे, माझा भाऊ खड्ड्यावर आहे, त्यानेच सांगितलं वर घे म्हणून. तिच्या शब्दावर आणखी चार घरं तिथे उठली होती. त्या घरांतल्या बायका नमुनेवाल्याला पाणीवाले मामा म्हणत.

त्याने भांडं उचललं. पिंपांतल्या द्रावणाला एक वास असतो, गोडसर, डोकं जड करणारा. पण चार काय, चाळीस असलं तरी ते जिभेला कळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने घोट तोंडात घोळवला. गोड लागला. मग नाही लागला. मग आपल्याला गोड म्हणजे काय ते आठवत नाहीसं वाटलं, आणि त्याने गिळून टाकलं.

दारात खालच्या वस्तीतली शिवणवाली दोन डबे घेऊन उभी राहिली. ती रोज चढ चढून यायची. रस्त्याकडच्या नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, ही तिची आणि तिच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांची तक्रार होती.

"भर बाई, भर," ताई म्हणाली. "सून कशी आहे?"

"सातवा लागला. नळाचं पाणी तोंडात धरवत नाही तिला. तुमचंच चालतं." शिवणवालीने नमुनेवाल्याकडे बघून मान झुकवली. "मामा बरे आहेत?"

"बरे आहेत," मामांच्या वतीने ताईनेच सांगितलं. "आज बोलायचं मनात नाहीये त्यांच्या."

डबे भरले. नमुनेवाल्याने त्यांच्याकडे बघितलं. एकात पंधरा लिटर, दुसऱ्यात दहा. बोलायचं असेल तर आत्ता, असं त्याला स्पष्ट दिसत होतं. समोरून गाडी येताना दिसते आणि रस्त्यातून बाजूला व्हायचं सुचत नाही, तसं दिसत होतं. सिद्ध नाही, हा साहेबांचा शब्द त्याच्या तोंडात होता. तो शब्द कुणी तिथे कोंबला नव्हता, त्यानेच धरून ठेवला होता. शिवणवाली उतार उतरून गेली.

निघताना ताईने त्याचा डबा भरून दिला. बारा वर्षं देत होती. तो त्याने खांद्याला लावला, घरी नेला आणि ओट्याशेजारी ठेवला. बायकोने त्यातलं पाणी चहाला घेतलं. तो बघत होता. चहा झाला, आणि त्याने तोही घेतला. बायको म्हणाली, "बोलत का नाही हो?" तो म्हणाला, "बोलतोय की."

चार दिवसांनी फेरनमुना होता.

त्याने वरचीतून आधी जुनं पाणी उपसून टाकलं, ताजं येऊ दिलं. हात धुतले, हातमोजे घातले. तोंडाशी उभं राहून बाटली तिरकी धरली आणि पंपाच्या नळीतलं पाणी कडेकडेने सोडलं, घाई न करता, फेस न आणता. काठावर पाण्याची फुगीर गादी तयार झाली, त्यावर टोपण बसवलं. बाटली उलटी केली. टिचकी मारली.

बुडबुडा होता.

मोहरीएवढा. तो बाटलीच्या तळाशी, म्हणजे उलट्या बाटलीत वर, जाऊन चिकटला. मुद्दाम केला नव्हता. हात खरंच थरथरला होता. नमुनेवाल्याने बाटली उजेडाकडे धरली आणि बराच वेळ त्या बुडबुड्याकडे बघितलं. त्यात साठ माणसांच्या नोकऱ्या होत्या, चौथा कप्पा होता आणि साहेबांची झोप होती. इतक्या लहान जागेत इतकं सगळं बसलेलं त्याने पूर्वी पाहिलं नव्हतं. बाटली पेटीत ठेवली असती, तर झालं असतं.

हाताला कुणी विचारलं नाही. हाताने टोपण काढलं, बाटली ओतून दिली, नवी घेतली आणि पुन्हा भरायला सुरुवात केली. चौदा वर्षांची सवय होती, तिला वरची-खालची काही कळत नव्हतं. या वेळी बाटली स्वच्छ निघाली. दुसरीही. त्याने दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या, पेटीत बर्फाशेजारी ठेवल्या. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण पेटीत एक बाटली जास्तीची आणली आहे. कधी ठेवली ते आठवेना.

तो कुंपणाच्या छोट्या दारातून बाहेर पडला. दोनशे पावलं मोजायची गरज नव्हती, तरी मोजली. एकशे शहाण्णव भरली.

"आज कामाचा दिवस ना?" ताई दारात आली. त्याच्या अंगावरचा खड्ड्याचा डगला तिने या घरात कधी पाहिला नव्हता. "आणि पेटी कशाला? माहेरपणाला आलास काय?"

"तुझ्या नळाचं पाणी घ्यायचंय."

"डबा कुठाय?"

"डब्यात नाही."

त्याने ओट्यावरच्या नळाची जाळी काढली आणि नळ सोडून दिला. पाणी भळाभळा वाहू लागलं. ताईने कमरेवर हात ठेवले. "अरे, वाया घालवतोस किती! तिकडे खाली बायका चढ चढून नेतात, आणि हा बघा, राजासारखा सोडून बसलाय."

"पाच मिनिटं वाहू द्यावं लागतं."

"कुणी सांगितलं?"

"नियम आहे."

भाऊ बाटली भरताना ती बघत राहिली. घरी आल्यावर ज्याला चहात साखर टाकून दिली तर ढवळायचंही सुचत नाही, तो इथे श्वास रोखून काठाशी पाणी आणत होता. त्याने बाटली उलटी केली, टिचकी मारली. स्वच्छ. चिठ्ठीवर वेळ लिहिली, तारीख लिहिली, आपली सही केली. 'ठिकाण' या शब्दासमोर पेन्सिल थोडी थांबली. मग त्याने लिहिलं.

ताईने चष्मा लावला आणि बाटली हातात घेतली. "खालची," तिने वाचलं. "अरे, चुकलास. आमचं घर वर आहे ना?"

"घर वर आहे."

"मग?"

"पाणी खाली आहे, ताई. ते तुझ्याकडे येतंय. पहिल्या कप्प्याखालून."

नळ अजून थेंब थेंब गळत होता. ताईने तो पिळून बंद केला. मग पुन्हा एकदा पिळला.

"तूच म्हणालास, वर घे."

"म्हणालो."

"किती दिवस येतंय?"

"सहा वर्षं. बहुतेक."

"तुला कधी कळलं?"

"सात-आठ दिवस झाले."

ताईने मनात दिवस मागे मोजले. तिचा हिशोब पक्का होता, पहिल्यापासून. "म्हणजे सुट्टीला इथे बसून प्यायलास तेव्हा माहीत होतं."

"होतं."

"आणि मी शिवणवालीला भरून दिलं, तेव्हा समोर बसला होतास."

"होतो."

"मग प्यायलास कशाला?"

त्याने खरंच विचार केला. "तू दिलंस म्हणून," तो म्हणाला.

ताईने हात उगारला नाही, ती रडलीही नाही. तिने बाटली जपून त्याच्या पेटीत ठेवली, जशी त्याने ठेवली असती तशी, उभी, बर्फाला टेकवून. मग ओट्यावरचं भरलेलं भांडं उचललं, मोरीपाशी नेलं आणि तिथेच ते हातात घेऊन उभी राहिली. ओतावं की नाही हे तिला ठरवता येत नसावं. बारा वर्षांत तिने हे पाणी कधी ओतलं नव्हतं.

बाहेर डब्यांचा आवाज झाला. शिवणवाली दम खात उंबऱ्याशी टेकली. "चढ फार होतोय हो आता. भरू ना?"

ताई वळली नाही. "आज पाणी नाही."

"का? मोटर बिघडली?"

"याला विचार," ताई मोरीकडेच बघत म्हणाली. "हा खड्ड्यावरचा आहे. याच्याच सांगण्यावरून मी वर घर घेतलं."

शिवणवालीने नमुनेवाल्याकडे बघितलं. तिचे डबे त्याच्या पायांशी होते, एक पंधराचा, एक दहाचा. सिद्ध नाही, हा शब्द अजून तोंडातच होता. त्याने तो गिळला. पाण्यासारखाच गेला, चवीशिवाय.

"मोटर चांगली आहे," तो म्हणाला. "हे पाणी नेऊ नका. इथलंही नको, आजूबाजूच्या घरांचंही नको. सुनेला नळाचंच द्या."

"पण मामा, त्याला वास मारतो."

"त्या वासाने काही होत नाही. ह्याला वास नाही." त्याला वाटलं हे पुरेसं झालं नाही, म्हणून तो पुढे म्हणाला, "खड्ड्यातलं औषध उतरलंय ह्यात. म्हणजे उतरलं असावं. पेटीत बाटली आहे, तिचा आकडा आठ दिवसांनी येईल. आकडा येईपर्यंत मी बोलायचं नव्हतं."

शिवणवालीला बाकीचं कळलं की नाही, कोण जाणे. तिने एकच विचारलं. "आणि आतापर्यंत नेलं ते?"

टेकडीवरच्या कुठल्यातरी घरात मोटर सुरू झाली. तिघांनीही ती ऐकली.

नमुनेवाल्याने खिशातून वही काढली, कोरं पान उघडलं, वर तारीख टाकली. पेन्सिलीचं टोक मोडलेलं होतं, ते त्याने नखाने सोललं.

"कधीपासून नेताय?"

"दोन वर्षं झाली असतील. नाही, जास्त. सुनेचं लग्न झालं त्याच्या आधीपासून."

"रोज?"

"रोज."

"दोन्ही डबे?"

तिने मान हलवली. मग बोटांवर काहीतरी मोजू लागली, मध्येच चुकली, आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. नमुनेवाला पेन्सिल टेकवून थांबला होता.

ताईने भांडं मोरीत पालथं केलं. मग आतली खुर्ची ओढत आणून शिवणवालीच्या मागे ठेवली.

"बस बाई," ती म्हणाली. "त्याला सगळं लिहायला लागतं."